बेण्यापाशी ठेवलेली सापसुरळी

मंचरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कामाला होतो, तेव्हा बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधला एक माणूस दर बाजाराला पाळलेली सापसुरळी घेऊन यायचा. आमच्या औषधाच्या काट्यावर तिचं वजन करून घ्यायला! बिस्किटाचा डबा उघडण्याआधी तो झाकणावर दोन टिचक्या मारायचा, जणू आत कुणी कपडे बदलतंय.

त्या हिवाळ्यात तो फिरकला नाही. उन्हं तापल्यावर आला. सापसुरळीची शेपटी वाळून काडी झाली होती, वजन निम्म्यावर आलं होतं.

"नाकतोडा म्होरं धरला तरी तोंड फिरवती, राव."

"थंडीत कुठं ठेवली होती?"

"कोल्ड स्टोरेजात, बेण्यापाशी. बेणं गारठ्यात निजवलं की मागनं कसं जोमानं फुटतं! म्हनलं, ही बी उठल्यावर लई खाईल."

"अहो, ती काय बटाटा आहे?" मी ओरडलोच. कोवळ्या उन्हात ठेवा, पाणी पाजा, एवढं बजावून त्याला हाकललं.

पुढच्या बाजाराला पुन्हा झाकणावर दोन टिचक्या. आत दुसरीच सापसुरळी होती, चांगली गुबगुबीत.

"आधीची नासली," तो म्हणाला. "पन ही बघा, बेणं दणकट हाय. ही थंडी काढंल."