बांधावरच्या माईचं दहावं पान

आधीच सांगतो, मी चर्चला जाणारा माणूस. देवावर पूर्ण विश्वास, भुताखेतांवर शून्य. आमच्या कसबा बावड्यात कुणी म्हणालं की उसात काहीतरी दिसलं, तर मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगायचो. पण १९९८च्या जानेवारीतल्या त्या दुपारचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही... म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियातल्या एका चर्चची सात माणसं आली होती. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे दुभाषा मीच. बेत असा – सकाळी कोडोलीत प्रार्थना, दुपारी पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा आणि चपलांची खरेदी. गाडी शिवाप्पाची. हा आमचा बोलका ट्रॅक्सवाला. निघतानाच त्याने पाहुण्यांना आग्रह करकरून मिसळ खायला घातली, आणि कोडोली येईपर्यंत सातही जण खिडकीतून उघड्या तोंडाने वारा खात बसले.

त्यांतल्या मार्गारेटबाई पंचाहत्तरीच्या. बाकीचे प्रार्थनेला आणि फिरायला आले होते, बाई मात्र एका कामासाठी आल्या होत्या. त्यांची एडिथ मावशी नर्स म्हणून या भागात आली आणि साठ वर्षांपूर्वी तापाच्या साथीत इथेच वारली. मार्गारेटबाईंच्या आईने जाताना सांगितलं होतं, माझ्या कबरीवरची मूठभर माती ताईच्या कबरीवर नेऊन टाक. ती माती त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून आणली होती. दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास, आणि या वयात पुन्हा येणं काही व्हायचं नव्हतं.

प्रार्थना झाल्यावर आम्ही दफनभूमी दोन तास पालथी घातली. मावशीचं नाव कुठेच नाही. पाळकसाहेबांच्या जुन्या वह्यांतही नाही. शेवटी बाई डबा मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसल्या, आणि असू दे म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो आणि गाडी तापली. शिवाप्पा पाणी मागायला शेतातल्या एका घरी गेला, तो हसतच परत आला. "मास्तर, चला. म्हातारी म्हणतीया, जेवान तयार हाय."

खरंच तयार होतं. अंगणात घोंगडी अंथरलेली, चुलीवर पिठलं, भाकऱ्यांची चळत, दही, नवा गूळ. घरच्या आक्का तर उशीर केला म्हणून आमच्यावरच रागावल्या. मला वाटलं, कोल्हापूरची रीतच ही, वाटेवरचा पाहुणाही जेवल्याशिवाय सुटत नाही. आमची नऊ पानं वाढून झाली. मग त्यांनी दहावं वाढलं आणि ते घेऊन बांधावरच्या चिंचेकडे निघाल्या. आधी माईचा निवद, मग तुम्ही, असं म्हणाल्या.

चिंचेखाली शेंदूर फासलेला दगड दिसत होता. मार्गारेटबाई कॅमेरा घेऊन उठल्या. मी घाईघाईने त्यांना खाली बसवलं... म्हटलं, गावातलं काहीतरी दैवत आहे, आपण तिकडे न गेलेलं बरं. आणि वर मोठ्याने जेवणाची प्रार्थना सुरू केली. त्या शहाणपणाची मला अजून लाज वाटते.

शिवाप्पाने पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड पडलं. "आक्का, तिखट घालाय इसरलासा व्हय?" पाहुणे मात्र पुन्हा पुन्हा वाढून घेत होते.

"इसरंन कशी?" आक्का म्हणाल्या. "तुमचीच बाई सांगून गेली की सकाळी. धा पानं कर, आन् तिखट अजाबात घालू नगं म्हणाली."

आमच्यातलं कुणी सकाळी तिथे गेलं नव्हतं. तिथे थांबणार हे अर्ध्या तासापूर्वी आम्हालाही माहीत नव्हतं. कोण बाई, म्हणून विचारलं, तर आक्कांनी मार्गारेटबाईंकडे बोट केलं. "हिच्यावानीच गोरी, पर तरणी. लुगडं नेसल्याली. तांब्याभर पाणी पिऊन गेली."

मग जे आधीच विचारायचं ते मी विचारलं – ही माई कोण? आक्कांच्या मालकांच्या जन्माच्या वेळी सासूबाई अडल्या होत्या. एका मडमेने त्यांना सोडवलं. पुढे साथीत ती मडम गेली, तेव्हा सासऱ्यांनी आपल्याच बांधावर तिला जागा दिली. तेव्हापासून घरात जे शिजेल त्याचा पहिला घास तिला.

मी मार्गारेटबाईंच्या डब्यातल्या मातीचं सांगितलं, तशा आक्का तेलाची वाटी घेऊन उठल्या. शेंदूर त्यांनीच हळूहळू पुसला. खाली इंग्रजी अक्षरं होती. एडिथ.

मार्गारेटबाईंनी माती टाकली आणि आक्कांनी त्यांना कुंकू लावलं. दोघी एकमेकींना धरून रडल्या. मीही रडलो, आणि शिवाप्पा डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगत राहिला.

पन्हाळा राहिला तो राहिलाच. नंतर मी पाळकसाहेबांना विचारलं, आसपासच्या वस्तीवर चौकशी केली. अशी बाई कुणी पाहिली नव्हती. कोडोलीतून कुणी निरोप दिला म्हणावं, तर कुठे थांबणार हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बरं, आम्ही नऊ असताना दहा पानं कुणाच्या हिशेबाने? भुतांवर माझा आजही विश्वास नाही, पण त्या पिठल्याची चव अजून आठवते.

निघताना मार्गारेटबाईंना एकदम हसू फुटलं. मावशीच्या एका पत्रात होतं म्हणे, इथली माणसं जीव लावतात, पण यांच्या तिखटाने माझा जीव जाणार. मी ते आक्कांना मराठीत सांगितलं.

आक्का दगडाकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "साठ वर्सं आमी तिला तिखटाचाच निवद दावला की गं बया. शेवटी बिचारीला सोता येऊन सांगाय लागलं."