खळ्यातले बांबू

“ते बांबू काढ आधी. पालखी काय लंगडीच्या काठ्यांमधून नाचवायची?”

बापू माझ्या नवऱ्याला म्हणाले. बापू म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी. शिमग्यात देवीची पालखी कुणाच्या घरी कधी जाणार, ते तेच ठरवणार. मी तिथेच पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोबतची पोरं हसली. नवऱ्याने कोयती घेतली आणि सुंभ कापला.

त्यानेच ते बांधले होते. घरापुढच्या खळ्यात, कमरेच्या उंचीवर, दोन आडवे बांबू समोरासमोर. मेंदूचा निरोप माझ्या पायांपर्यंत नीट पोचत नाही. रत्नागिरीला दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, धरून चाला, पण रोज चाला, खंड पाडू नका. घरात जागा कुठे? म्हणून खळं. टाच आधी, मग चवडा. घाम निघायचा. पण न्हाणीपर्यंत माझी मी जात होते.

पालखी आली तेव्हा मला आतल्या खोलीत बसवलं. “मधीच पडलीस तर अपशकुन होयल गो,” सासू म्हणाली आणि दार ओढून घेतलं. बाहेर ढोल. ओटीचा नारळ मी निवडलेला, खण मी आणलेला, ओटी भरली जावेने. मी रडले. देवीचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

बांबू कुणाच्या तरी मांडवाला गेले. नवरा बांधू बांधू म्हणत राहिला, पावसाळा तोंडावर आला. पाय लाकडासारखे कडक झाले. एका सकाळी मी न्हाणीत सरपटत गेले, माझ्या मुलीच्या देखत. तिने तोंड फिरवलं. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं चालणं गेलं तरी या घरात कुणाचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं फक्त माझं. मुलीला हाताशी घेऊन मी नवे बांबू बांधून घेतले.

यंदाच्या शिमग्यात बापू पुन्हा आले. मी बांबूंच्या मधे उभी होते. बसले नाही.

“बांबू हलनार नाय, बापू. ओटी मी भरनार. उभ्यानं.”

“मग पालखी येनार नाय तुमच्याकडं.”

“नको येऊ दे.”

आली नाही. शेजारी नाचली आणि आमचं घर टाळून पुढे गेली. सासू माझ्याशी बोलत नाही. नवरा म्हणतो, माफी माग. मागणार नाही. माझं काही चुकलं असेल तर देवीने मला सांगावं, बापूंनी नाही. मी रोज चालणार. पालखी नाचवायची असेल त्यांनी माझ्या बाजूने जागा काढावी.