श्रावणचा पेन्सिल सेल

श्रावणबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, आणि वाईट लिहायला त्या माणसानं जागाच ठेवलेली नाही. माझा त्याच्यावरचा मुख्य राग हाच आहे.

चांदूर रेल्वेत स्टेशनच्या रस्त्याला त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतीभर टांगलेले फाटके स्पीकर. अमरावतीचे, मोर्शीचे डीजेवाले गाड्या घेऊन येतात आणि दारात ताटकळत उभे राहतात. हा मान वर करत नाही. मी याच गावात तीस वर्षं ‘नागसेन साऊंड’ चालवतो. माझ्या दारात असं कोणी कधी ताटकळलं नाही.

आम्ही दोघं अमरावतीत एकाच उस्तादाकडे शिकलो. उस्ताद म्हणायचे, स्पीकरात असतं काय? चुंबक, कॉइल आणि कागद. कॉइलमध्ये करंट गेला की चुंबक तिला पुढेमागे हलवतं, तिच्यासोबत कागद हलतो, आणि कागद हवा ढकलतो. तोच आवाज. अवघड असतं ते कॉइल बसवणं. तिच्या आणि लोखंडाच्या मधे केसाएवढी जागा. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून त्या फटीत घालायच्या, कॉइल मधोमध धरायची, गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या. मग दोन्ही अंगठ्यांनी कागद दाबून ऐकायचं. माझी कॉइल दर वेळी कुठेतरी घासायची. श्रावणची पहिल्याच आठवड्यात गुपचूप खालीवर झाली. उस्तादांनी त्याला टेबल दिलं आणि मला म्हणाले, “नागसेन, तू भोंगे लाव.”

लावले भोंगे. भोंग्याला नावं ठेवलेली मी खपवून घेत नाही. मागे मूठभर युनिट, पुढे रुंद तोंड, पण आवाज दोन वावरं ओलांडून जातो. मात्र त्याला पोट नसतं. खालचा, भरीव सूर त्यातून निघतच नाही. हे मला ठाऊक होतं. कोणी सांगायची गरज नव्हती.

सांगितलं ते माझ्याच मुलीनं. प्रियदर्शनी अमरावतीला संगीतात बी.ए. करते. यंदा बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या मैदानात, आपल्या वस्तीपुढे, ती पहिल्यांदा गाणार होती. त्या मैदानात तीस वर्षं माझेच भोंगे. आठ दिवस आधी ती घरी आली आणि म्हणाली, “बाबा, राग नका मानू. भोंग्यातून माहा आवाज पातळ होते. श्रावणकाकाले बॉक्स लावाले सांगू का?”

मी म्हटलं, “सांग ना. मले काहून राग येईन?”

त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी श्रावण स्वतः बनवलेले दोन डबे घेऊन आला. खाली भारी आवाजासाठी बारा इंची कागद, वर बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर. एक डबा स्टेजच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. मग खिशातून त्यानं पेन्सिल सेल काढला. ही त्याची जुनी सवय. सेल वायरीला टेकवला की कागद बाहेर उडी मारतो. आत गेला तर वायर उलटी. दोन्ही डब्यांचे कागद एकदम बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत झाला, तर दोन्ही एकमेकांचा आवाज खातात, आणि मधोमध बसलेल्यांना त्याची नुसती साल ऐकू येते. जवळ जाऊन ऐकलं तर दोन्ही डबे उत्तम.

सेल खिशात टाकून तो वंदनेला विहारात गेला. सगळेच गेले. मी मदतीच्या नावाखाली बाहेर थांबलो. आत पंचशील सुरू होतं आणि मी उजव्या डब्यामागे बसून वायरी उलट करत होतो. घाईत एकीचं टोक तुटलं, ते मी नेहमीसारखं दातानं सोललं. लोकांनी एकदा म्हणावं, श्रावणच्या डब्यात काही दम नाही, एवढंच मला हवं होतं. पोरीचा आवाज मधे सापडेल हे तेव्हा सुचलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. सुचलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. मी मधल्या रांगेत होतो. आवाज पोकळ. प्रियदर्शनीला वाटलं आपलाच आवाज लागत नाही, म्हणून तिनं जोर केला, आणि वरच्या सुरावर तो चिरकला. शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या, “पोरगी भेली वाटते.”

श्रावण मागून उठला. डाव्या बाजूनं चालत मधे आला, थांबला, मान कलती केली. मग सरळ उजव्या डब्यामागे गेला. तो वायर ब्लेडनं सोलतो. दातांच्या खुणा त्यानं पाहिल्या असणार, कारण वायरी सुलट करून उठल्यावर त्यानं एवढ्या डोक्यांवरून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

दुसरं गाणं पूर्ण आलं. माझ्या मुलीच्या आवाजाला खाली एवढी खोली आहे, हे बापाला एकोणीस वर्षांनी कळलं, आणि तेही श्रावणच्या कागदातून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी माझा नुसता जळफळाट झाला.

कार्यक्रम संपताच ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “काका, काय झालं होतं?”

“वायर उलटी लागली पोरी. चुकलं माह्याकून.”

“तुमच्या भरोशावर मी बाबाले नाही म्हटलं होतं. सगळ्या वस्तीत हसं झालं माहं.”

तो खाली वाकून डब्याच्या वायरी सोडवायला लागला. सेल त्याच्या शर्टाच्या खिशातच होता. मी दोन हातांवर त्याची वायर गुंडाळत होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

खीर खाऊन आम्ही गाडीवर निघालो. श्रावण दुकानापुढे एकटाच डबे उतरवत होता. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला. प्रियदर्शनीनं तोंड फिरवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पुढच्या वर्षी तुमचेच भोंगे लावू, बाबा. तुमची वायर कधी उलटी नाही लागली.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि गाडी पुढे काढली.