पैलवानाचं पोट

"ताई, लाईन परत बंद पडली," असं म्हणत आण्णांनी पैलवानाला माझ्या टेबलावर ठेवलं. दोन महिन्यांतली ही चौथी खेप.

पैलवान म्हणजे साडेचार किलोचा पॉमेरेनियन कुत्रा. वय अकरा. आण्णांच्या घरात तीन पिढ्या तालमीत घुमल्या, म्हणून हे नाव. चाकणच्या अलीकडे आण्णांचा लाकडी पॅलेटचा कारखाना आहे. पॅलेट म्हणजे मोठ्या कंपन्या ज्यावर माल रचून ठेवतात, त्या फळ्यांच्या चौकटी. माझा प्राण्यांचा दवाखाना मोशीत. आण्णांच्या म्हशीही मीच बघायचे, त्यामुळे ओळख जुनी.

पैलवानाचा प्रकार दर वेळी सारखाच. सकाळी पिवळी उलटी. मग दिवसभर पातळ शी, वर शेंबडासारखी आव. सलाईन, इंजेक्शन दिलं की तीन दिवसांत तो उड्या मारायला लागायचा. दहा-बारा दिवस बरे जायचे. की परत टेबल.

शी तपासली, जंत नव्हते. रक्त तपासलं, लिव्हर-किडनी वयाच्या मानाने ठीक. या वेळी मात्र तो नुसता पडून होता. मान उचलत नव्हता. मी सोनोग्राफी केली, तेव्हा स्वादुपिंड सुजलेलं दिसलं. जठराजवळची ही छोटी ग्रंथी तेला-तुपाचं पचन करणारा रस तयार करते. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांना तेलकट पचत नाही, तरी पोटात जात राहिलं तर ही ग्रंथी चिडते. फार चिडली तर कुत्रा हातचा जातो.

"हा काय खातो, आण्णा?"

"पथ्याचं. भात, लाल भोपळा, उकडलेलं बिनकातड्याचं चिकन. तुमी सांगितलं तेच."

"आणि?"

"बाकी काय न्हाई. आईशप्पथ."

बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या प्रश्नाला पहिल्या फटक्यात खरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. मी त्यांना स्क्रीनवर सूज दाखवली आणि सरळ सांगितलं, की अजून असे दोन-तीन झटके आले तर मी काही करू शकणार नाही. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"लेक सासरी जाताना ह्याला माझ्या ओटीत टाकून गेली, ताई. रोज इडिओ कॉल करती. मला न्हाई, ह्याला."

पैलवानाला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने भाताची पेज चाटली आणि घरी गेला. घरी म्हणजे खरं तर कारखान्यात. घरी एकटा ठेवला तर तो भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायचा, म्हणून आण्णा त्याला रोज सोबत न्यायचे.

आठवड्याने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. मी तेव्हा पोहे खात होते. फोटोत पैलवानाची शी होती, आणि बाजूला अंदाज यावा म्हणून स्टीलची पट्टी ठेवलेली होती. खाली मजकूर: "नमस्कार मॅडम. मी स्वाती गायकवाड, कारखान्यातली क्वालिटी इन्चार्ज. आण्णांनी ही केस माझ्याकडे दिली आहे. हा पीस ओके धरायचा की एनजी?"

एनजी म्हणजे नॉट गुड. फॅक्टरीच्या भाषेत रिजेक्ट माल. मी पोहे बाजूला ठेवले आणि त्यांना शी तपासायचा एक ते सातचा तक्ता पाठवला. आम्ही डॉक्टर लोक तो वापरतो. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, दोन-तीन असेल तर उत्तम. गायकवाड मॅडमनी त्याची प्रिंट काढून, लॅमिनेट करून गेटवर लावली. मालाच्या ट्रकांचे ड्रायव्हर ती वाचत उभे राहायचे म्हणे.

दोन आठवड्यांचा चार्ट भरल्यावर त्यांचा फोन आला. "मॅडम, रविवारी सुट्टी असते, तेव्हा हा घरीच असतो. सोमवारचे सगळे पीस ओके आहेत. मंगळवारपासून बिघाड सुरू. म्हणजे प्रॉब्लेम घरी नाही, इथे कारखान्यात, शॉप फ्लोअरवर आहे. तुम्ही एकदा येऊन बघता का?"

गेले. सकाळी अकराच्या चहाच्या सुट्टीआधी आण्णांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. पैलवान गादीवर डोळे मिटून पडला होता. चहाचा भोंगा वाजला आणि हा आजारी म्हातारा ताडकन उठला. अंग झटकून बाहेर पडला. मी चार पावलं मागे राहून निघाले.

सिक्युरिटीच्या केबिनपाशी पोचताच तो मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. मी त्याचे चारही पाय कितीदा तपासलेत. त्याच्या पायाला काहीही झालेलं नाही. वॉचमनने भजं काढून दिलं. भजं खाल्ल्यावर पाय बरा झाला. डिस्पॅचला तो दोन पायांवर उभा राहिला. तिथे चपातीला भाजीचं तेल लावून मिळालं. पुढे रफिकभाईंचं मेन्टेनन्स. रफिकभाई करवतीचं मशीन सांभाळणारे जुने, शांत गृहस्थ. त्यांच्यासमोर याने नुसती हनुवटी जमिनीला टेकवली आणि सुस्कारा सोडला.

रफिकभाईंनी खिम्याच्या समोशाचा कोपरा मोडला.

"रफिकभाई!" मी म्हणाले.

ते दचकले. "मॅडम, एवढासाच देतो. म्हातारा जीव आहे. त्याला कुणी विचारत नाही इथं."

असे 'कुणी विचारत नाही' म्हणणारे एकूण तेरा जण निघाले. प्रत्येकाची प्रामाणिक समजूत, की फक्त आपणच देतो, आणि तेही एकच घास.

गायकवाड मॅडमनी एक ताट मागवलं. रोज पैलवानाला जेवढं देता तेवढं आज यात टाका, म्हणाल्या. लोकांनी खाली मान घालून टाकलं. वडा, भजी, खारी, समोसा, तळलेली मिरची सुद्धा. ताट खिळे तोलायच्या काट्यावर ठेवलं. एकशे नव्वद ग्रॅम.

"यात काय एवढं?" वॉचमन पुटपुटला.

मी हिशेब करून सांगितलं. साडेचार किलोच्या कुत्र्याला एकशे नव्वद ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने एका चहाला तीन किलो वडे-भजी खाण्यासारखं आहे.

आण्णा भडकले. "उद्यापासून ह्याला कुणी कण जरी घातला, तर गेटच्या बाहेर! माणसं हायसा का कोण? तो मराय लागलाय आणि तुमी भजी चारताय!"

रफिकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "खरं आहे, आण्णा. फक्त एक विचारतो. केबिनच्या खालच्या खणात शेव असते, ती कोण खातं?"

आण्णांच्या मिशा थरथरल्या. "ती माझी हाय."

"होय. पण खण उघडला की पैलवान आधी पोचतो."

आण्णाच आधी हसले, आणि सगळा कारखाना हसला.

बंदी घालून काही होणार नाही हे मला माहीत होतं. प्रेमाने पुढे केलेला हात नोटीस लावून थांबत नाही. त्या हातातला पदार्थ मात्र बदलता येतो. शिवाय अशा म्हाताऱ्या कुत्र्याला दोन वेळा भरपेट देण्यापेक्षा थोडं थोडं, चार-पाचदा दिलेलं चांगलं. आण्णांच्या घरून रोजचा भात-भोपळा-चिकनचा डबा यायचाच. मी ठरवून दिलं, की त्यातलाच निम्मा माल वाटून दिवसभरात द्यायचा, वरचं काही नाही. गायकवाड मॅडमनी छोट्या डब्या आणल्या, ओके मालाची हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि पाळीपाळीने कुणी किती वाजता द्यायचं याचं वेळापत्रक लावलं. आपली पाळी सोडायला कुणी तयार नव्हतं. रफिकभाईंनी तर एकदा पाळीसाठी रजा पुढे ढकलली.

महिनाभर सगळे पीस ओके. पैलवानाचं वजन शंभर ग्रॅम वाढलं. मी त्याला तपासायला बोलावलं, पाठ थोपटली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: सहा नंबर.

पुन्हा औषध. पुन्हा तीन आठवडे ठीक. पुन्हा तपासणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

आता मला काळजी वाटायला लागली. स्वादुपिंडाशिवाय आतड्याचंही काही दुखणं असेल का, म्हणून पुण्यातल्या एका स्पेशालिस्टशी बोलूनही ठेवलं. तेवढ्यात गायकवाड मॅडम चार्टची गुंडाळी घेऊन स्वतः दवाखान्यात आल्या.

"मॅडम, राग मानू नका. आमच्याकडे बिघाड सापडला नाही की आम्ही सप्लायरकडे जातो. हे दोन्ही एनजी तुमच्या अपॉइंटमेंटच्या दुसऱ्या दिवशी आलेत."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"चार्ट म्हणतोय. मी नाही."

मी जरा तोऱ्यातच त्यांना आत नेलं. औषधं दाखवली, थर्मामीटर दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि माझ्या मदतनीस शैलाताईंना विचारलं, "तपासताना कुत्र्याला धरता कसं?"

"काही अवघड नाही हो," शैलाताई कौतुकाने म्हणाल्या, "चीजचा क्यूब दाखवायचा. पैलवान तर एवढा शहाणा, त्याला मी दोन देते."

चीज. म्हणजे पाव हिस्सा तरी चरबी. मी शैलाताईंवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण पैलवानाचे दात बघायचे असले की तिसरा क्यूब मी देत होते. दोन्ही वेळा मीच दिला होता. एवढासाच.

गायकवाड मॅडमनी पिशवीतून एक फॉर्म काढला. चूक कशामुळे झाली, जबाबदार व्यक्ती, सुधारणा, सही. मी मुकाट्याने भरला. 'जबाबदार व्यक्ती'च्या रकान्यात बावीस वर्षांच्या अनुभवानिशी स्वतःचं नाव लिहिलं. पुण्याच्या स्पेशालिस्टला फोन करून सांगितलं, की नको, कारण सापडलं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. पैलवान आता तेरा पूर्ण करायच्या बेतात आहे. वजन चार किलो सातशे. मधे एकदाच पोट बिघडलं, तेही लेक माहेरपणाला आली होती तेव्हा, आणि तिने पहिल्या दिवशीच कबूल केलं.

माझ्या केस पेपरवर तेव्हापासून एक ओळ जास्त छापलेली आहे. घरी काय खातो, बाहेर काय खातो, याच्या खाली: दवाखान्यात काय दिलं? पेशंटच्या घरच्यांना खोटारडे म्हणायच्या आधी डॉक्टरने ती स्वतः भरायची. बहुतेक वेळा मीही तिथे पहिल्यांदा 'काही नाही' असंच लिहिते.