नाल्यावर आळ

डासांच्या अळ्या शोधत मी कोल्हापुरात घरोघर फिरायची, रोजंदारीवर. नाल्याकडेची एक गल्ली माझ्याकडे होती. नाल्यावर फवारणी करणारी माणसं वेगळी. माझं काम घरातली पिंपं, टाक्या, कुंड्या तपासायचं.

गल्लीच्या टोकाला एका खोलीत नवरा-बायको राहायची. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्यांच्या मोरीतल्या बॅरेलमध्ये मी बॅटरी मारली, तर अळ्या वळवळत होत्या. ओतून टाका म्हटलं. ती म्हणाली, पाणी परवा येणार, तोवर भांडी कशानं घासू? माझ्या बाटलीतलं औषध संपलं होतं. उद्या येऊन टाकते, असं सांगून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी नणंदेकडं वास्तुशांत होती. मी सुट्टी काढली. परत कामावर आले ती दुसऱ्याच भागात, आणि ते बॅरेल डोक्यातून गेलं ते गेलंच.

तीनेक आठवड्यांनी कळलं, तिचा नवरा डेंगूनं गेला. ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

गल्ली खवळली. नाल्याच्या घाणीनं माणूस मारला म्हणत लोक रस्त्यावर बसले. मग जेसीबी आला, गाळ निघाला, काठानं फवारणी झाली, धुराची गाडी फिरली. लोक शांत झाले. डेंगूचा डास नाल्यात नव्हे, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे त्याच गल्लीत दारोदार मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र गप्प उभी राहिले.

नंतर तिला भेटायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं, बसा म्हणाली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग तीच म्हणाली, "नाल्यानं खाल्लं बघा ताई त्यास्नी."

मी म्हणाले, "व्हय."

त्याला चावलेला डास घरातला की कारखान्यातला, हे कुणालाच सांगता यायचं नाही, अशी मी मनाची समजूत घालते. खरं बोलले असते तर पाणी ओतलं नाही म्हणून ती जन्मभर स्वतःला खात बसली असती, असंही म्हणते. पण "व्हय" म्हणताना मला तिची काळजी नव्हती. माझं नाव निघू नये, एवढंच वाटत होतं.

महिन्याभरात ती खोली सोडून इचलकरंजीला भावाकडं गेली. जाताना भेटली नाही. भेटली असती तरी मी काही बोलले असते, असं वाटत नाही.