खळ्यावर घेतलेलं नाव

निजामी राजवटीच्या शेवटच्या चैत्रात, एका मंगळवारी दुपारी, देशमुखाच्या खळ्यावर माझे केस मधल्या मेढीच्या खांबाला बांधले आणि मला ओल्या चाबकाने मारलं. मी एकोणीस वर्षांची होते. पंधरा दिवसांपूर्वी माझं तीन महिन्यांचं लेकरू तापाने गेलं होतं.

देशमुखाचा नियम होता. त्याच्या शेतातलं माणूस काम सोडून नुसतं बसून राहिलं, की भगताने त्याला विचारायचं. झोप येते का? घास उतरतो का? जीव नकोसा झाला का? मी खरं सांगितलं. झोप न्हाई. घास उतरत न्हाई. जीव नको.

खरं सांगणं ही चूक होती. अशी उत्तरं आली, की बाई बोलत नाही, तिच्या अंगातलं भूत बोलतं, असं गाव मानायचं. म्हणजे मारही भुतालाच. ते कोणी धाडलं, हे सांगेपर्यंत थांबत नसत.

नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. नवरा गर्दीत उभा होता. खाली बघत. देशमुख बाजेवरून म्हणाला, "मेंढ्यावाली गया न्हाई ना वं?"

विधवा गयाबाईने खतासाठी त्याच्या शेतात मेंढ्या फुकट बसवायला नकार दिला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"व्हय," मी म्हणाले. "गया."

त्याच संध्याकाळी लोकांनी गयाबाईला दगडांनी मारलं. तिचा उजवा हात कोपराखाली मोडला.

दुसऱ्या दिवशी ती हात फडक्यात बांधून माझ्या दारात आली.

"पोरी, म्या तुला काय केलं वं?"

"काही न्हाई."

"मंग माझं नाव काहून घेतलंस?"

"लय मारत होते, मावशी."

"आन् मला काय ओवाळत होते?"

ती निघून गेली.

पुढच्या मंगळवारी मला पुन्हा नेलं. गयाबाईला गावातून हाकलायचं ठरलं होतं. त्यासाठी मी सगळ्यांसमोर पुन्हा तिचं नाव घ्यायचं होतं. केस बांधायच्या आधीच भगताने विचारलं, "कोण हाईस तू?"

"मीच हाय. माझं लेकरू मेलं. गयामावशीचं नाव खोटं. देशमुखानं वदवलं."

"भूत लबाड हाय," देशमुख म्हणाला. "हाण."

पहिल्या फटक्यात ओठ फाटला. दुसरा मी हाताने धरला. चाबूक ओढून घेतला आणि देशमुखाच्या तोंडावर मारला. त्याची भुवई फुटली. मग गड्यांनी मला लाथांनी तुडवलं. दोन दात पडले. शुद्ध होती तोवर मी तेच मोठ्याने सांगत राहिले. खळ्यावर निम्मं गाव होतं.

गयाबाईला हाकलायला कोणी गेलं नाही.

चार दिवसांनी देशमुखाचा मुकादम आला. "मालक माफ करून राहिले. येऊन पाय धर."

"मारलं म्या. पुन्हा हात लावला तर पुन्हा मारीन. बराबर हेच सांग."

त्याने जाऊन सांगितलं.