माश्यांना वर चढवणारी माणसं

आमच्या लॅबमध्ये विशेष काही घडत नाही, म्हणूनच किस्से साठतात. दिवसभर माश्यांकडे बघत बसलेल्या माणसांना चहाच्या वेळी बोलायला दुसरं असतं तरी काय?

घाटकोपरच्या एका कॉलेजात मॅडम, मनाली आणि मी, एवढीच आमची टीम. केळ्यांवर फिरणाऱ्या बारीक माश्या आम्ही काचेच्या नळ्यांत वाढवतो. काही अळ्यांना खाण्यातून कीटकनाशकाचा अगदी अंश देतो, बाकीच्यांना साधं खाणं. मोठेपणी दोन्ही सारख्याच दिसतात. पण नळी आपटून तळाशी पाडल्या की साध्या माश्या भरभर वर चढतात. औषधवाल्या अर्ध्यात थांबतात. स्नायू साथ देत नाहीत.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत यातलं एवढंच पोचलं, की मी कीटकनाशकांवर काम करतो. सेक्रेटरींनी जिन्यात गाठून झुरळांवर औषध विचारलं. मी म्हटलं, आम्ही मारत नाही, वाढवतो. त्यांनी थोडा विचार केला. "मग तुमच्याकडे मारायचं कोण बघतं? त्यांचा नंबर द्या."

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजने सगळ्या मजल्यांवर पेस्ट कंट्रोल करून घेतलं. आम्हाला कोणी कळवलं नाही. परत आलो तर सगळ्या नळ्या शांत. मनालीची कित्येक महिन्यांची मेहनत गेली, ती रडायच्या बेतात. मॅडमनी एकेक नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आता दोन्ही गटांत फरक नाही." मग नव्या माश्या मागवायला फोन लावला.

कामाची पाहणी करायला एक साहेब आले होते. औषधवाल्या माश्या बघून म्हणाले, आळशी असतील. मॅडमनी विचारलं, सगळ्याच?

"आमच्या ऑफिसात आहेत ना."

मनालीला बघायला सांताक्रूझहून मंडळी आली. काय करतेस म्हणून विचारलं, तर हिने मन लावून सगळं समजावलं. मुलाच्या आईने हातातली द्राक्षं हळूच बशीत परत ठेवली. स्थळ गेलं. उरलेली द्राक्षं दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबच्या बाहेर बसून संपवली. संपल्यावर मॅडमनी विचारलं, "धुतली होतीस ना गं?"

मनालीची आई देवगडकडची. लहानपण दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागेत गेलं. फवारणीचं औषध पिंपात ढवळायचं काम पोरांकडे असायचं. आता बरणीचं झाकण तिला उघडत नाही, जिन्यात मधेच थांबावं लागतं. डॉक्टर वय झालं म्हणतात.

एका शनिवारी ती लेकीचं काम बघायला आली. मनालीने दोन्ही नळ्या आपटून दाखवल्या, मॅडमनी सवयीने स्टॉपवॉच लावलं. साध्या माश्या वर गेल्या. दुसऱ्या नळीपाशी आई बराच वेळ वाकून उभी राहिली. लहानपणी आपल्या पोटात काय गेलं हे यांना कळत असेल का, असं तिने विचारलं.

"नाही गं," मनाली म्हणाली.

पुन्हा आपटायला मनालीने नळी उचलली, तर आईने तिचा हात धरला. नळी काढून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली.

"चढूक जमणा नाय, तर आडव्या चालांदेत."

माश्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या. मॅडमनी स्टॉपवॉच बंद केलं.